अडीच एकर, कळमेश्वर तालुका : बरबटी, घेवडा, वाल यांवर घर चालेल का?

अडीच_एकर | १२ सप्टेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं नुसतं वाचतो आहे, आज पहिल्यांदा लिहितो.

कळमेश्वरच्या आत आमचं अडीच एकर वावर आहे. वडील होते तोवर सोयाबीन-तूर, मधे काही वर्षं कापूस. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. मी बुटीबोरीला कामाला होतो, यंदा जूनमध्ये नोकरी सोडून घरी आलो. घरात आई, बायको आणि मी, तिघंही वावरात काम करणारे. मुलगी तिसरीत आहे.

दीड एकर काळी जमीन, वरचा एक एकर हलका, मुरमाड. विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी चांगलं असतं, मार्चपासून दिवसाआड तासभर मोटार चालते. यंदाही सोयाबीनच आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोंगून होईल. बियाणं, खत, दोन फवारण्या, सोंगणी, मळणी धरली तर एवढ्याशा तुकड्यावर सोयाबीन पुरत नाही, हे वडिलांच्या वहीतही दिसतं आणि माझ्याही.

म्हणून शेंगांचा विचार करतो आहे. बरबटी, घेवडा, वाल, गवार. नागपूर पंचवीस किलोमीटरवर आहे. मोबाईलवर एक जण सांगत होता की घेवड्याचे एकरी तीन लाख होतात. माझा त्यावर विश्वास नाही, पण नेमकं किती होतं हेही मला माहीत नाही. ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी सांगावं. सोयाबीन निघाल्यावर सगळ्या दीड एकरात घेवडा टाकू का?

जुनाट_तिफन | १२ सप्टेंबर, रात्री १०.३५

भाऊ, मी पारशिवनीकडचा. वय त्रेसष्ट. बरबटी अन् घेवडा मिळून सतरा-अठरा वर्षं केला. तुले एकच गोष्ट विचारतो, बाकी सगळं मंग. तोडणार कोण?

हिशेब मांडून पाह्य. एकरभर घेवडा ऐन भरात आला की एका तोड्याले चार-पाच क्विंटल शेंगा निघते. आमच्याकडं चांगली हाताची बाई सकाळपासून दुपारपर्यंत पंचवीस किलो तोडते, त्याच्या वर नाही. म्हणजे एका तोड्याले सोळा ते वीस बाया पाह्यजे. अन् हा तोडा दर तिसऱ्या दिवशी. अडीचशे रुपये रोज धर, चार ते पाच हजार झाले. बाजारात वीस रुपये भाव लागला तं माल आठ-दहा हजाराचा. अर्धे पैसे तोडणीतच गेले. गाडी, हमाली, बी, खत अजून बाकीच हाय.

आता ह्या बाया भेटतीन काय ते पाह्य. ऑक्टोबरात पेरलेला घेवडा डिसेंबरात तोडणीले येते. त्याच टायमाले गावातली प्रत्येक बाई कापूस वेचाले जाते. वेचणी किलोवर असते, ज्याचा हात चालते तिले रोजापेक्षा जास्त पडते. तुझ्या वावरात वाकून शेंगा तोडाले कोण येईन?

अन् शेंग थांबत नाही. कापूस बोंडात आठ दिवस राह्यला तं राह्यला. शेंग दोन दिवस चुकली की दाणा भरते, दोरा धरते, भाव निम्मा. वरून झाडावर जून शेंग राह्यली की झाड नवीन फूल धरत नाही, त्याले वाटते आपलं काम झालं. म्हणजे एक तोडा चुकला तं पुढचे दोन गेले.

म्हणून माझं म्हणणं असं, की जमीन किती हाय ते पाहून पेरू नको. घरचे हात किती ते पाहून पेर. तिघं जण दिवसाआड सकाळी तोडू शकता, म्हणजे दहा गुंठे. लय झालं तं पंधरा. बाकी वावरात तूर, हरभरा राहू दे.

सिंहगड_पायथा | १२ सप्टेंबर, रात्री ११.०२

माफ करा, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगाच ना? आणि घेवडा म्हणजे आमच्याकडची फरसबी की वाल? आमच्याकडे वालाला घेवडा म्हणतात.

निंबोळी_अर्क | १३ सप्टेंबर, सकाळी ७.१५

हा नावांचा गोंधळ आधी मिटवते, नाहीतर अडीच_एकर दादा भलतंच बी घेऊन येतील. आमच्या शेजारच्या काकांनी घेवडा मागून वाल आणला होता.

बरबटी = चवळी. गवारीची शेंग गवारच. इथे आपण घेवडा म्हणतोय तो = फरसबी, म्हणजेच श्रावणघेवडा, नागपुरात भाजीवाला नुसतं बीन्सच म्हणतो. वाल = वालाच्या शेंगा, सेम. आणि वालातलाच ज्याचे हिरवे दाणे सोलून खातात तो आपला पोपट. दुकानात गेल्यावर नाव सांगू नका, पाकिटावरचं चित्र आणि जात वाचा.

मी अकोल्याच्या विद्यापीठातून कृषी पदवी घेतली, आता माहेरच्या शेतीतच आहे, सावनेर भागात. जुनाट_तिफन काकांनी जे सांगितलं ते आम्हाला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. मी पिकांबद्दल सांगते, कारण या चारही शेंगा असल्या तरी त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

फरसबीला थंडी-ऊन दोन्ही मोजून लागतं. पंधरा ते पंचवीस अंशांत ती खूश असते. तीसच्या वर तापमान गेलं की फुलं गळतात, आणि आपल्याकडे फेब्रुवारी संपता संपता ते होतंच. म्हणजे नागपूरला तिची खिडकी लहान आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरा. पन्नास दिवसांच्या आसपास पहिला तोडा येतो. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की वाढ मंदावते, तेव्हा घाबरून खत ओतू नका.

बरबटी याच्या उलट. ती उष्णतेची. तुम्ही नोव्हेंबरात पेरलीत तर थंडीत नुसती बसून राहील. पावसाळ्यात जून-जुलैत किंवा उन्हाळ्यासाठी फेब्रुवारीत पेरा. फेब्रुवारीची बरबटी मार्चअखेर-एप्रिलमध्ये येते. तेव्हा बाजारात हिरवी भाजी कमी असते आणि कापूस वेचणीही संपलेली असते, हे काकांच्या मुद्द्याला धरून लक्षात ठेवा. पसरणारी जात घेऊ नका, झुडपी घ्या. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेची ‘काशी कांचन’ बुटकी आहे आणि पिवळ्या मोझॅक रोगाला दाद देत नाही.

वालाची गंमत वेगळीच आहे. गावरान वाल दिवस लहान झाले की फुलतो. तुम्ही मृगात लावा की ऑगस्टात, फुलं थंडीच्या तोंडावरच. लवकर लावल्यानं फक्त वेल मोठा होतो. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या ‘अर्का जय’, ‘अर्का विजय’ या बुटक्या जातींना दिवसाच्या लांबीचं बंधन नाही, त्या कधीही फुलतात.

आणि एक, नत्राचं. शेंगावर्गीय पीक हवेतला नत्र घेतं म्हणून खत नको, असं सगळे म्हणतात. बरबटी आणि वालाच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. जास्त युरिया दिलात तर पालाच पाला येईल. फरसबीच्या मुळांवर मात्र गाठी कमी येतात, तिला नत्र हातानं द्यावाच लागतो. सोयाबीनचं उरलेलं रायझोबियमचं पाकीट फरसबीला लावू नका, तो जिवाणू वेगळा. पाकिटावर पिकाचं नाव पाहा. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

ठिबकवाला | १३ सप्टेंबर, दुपारी १.२०

मी जुनाट_तिफन यांच्याशी सहमत नाही. मी नरखेड तालुक्यात मागच्या दोन्ही वर्षी एकरभर घेवडा केला आणि दोन्ही वर्षी पैसे राहिले. रुंद गादीवाफे, ठिबक, विद्राव्य खत. दहा गुंठे करून कुणाचं घर चालत नाही. गाडीचं भाडं पन्नास किलोला तेवढंच आणि तीनशे किलोला तेवढंच.

मजुरांचं म्हणाल तर छिंदवाड्याकडच्या चार कुटुंबांशी माझं आधीपासून ठरलेलं आहे. ते संत्र्याच्या तोडीला येतात, वावरातच राहतात, सकाळी माझ्याकडे तोडतात. पंधरा हात कायम असतात.

जुनाट_तिफन | १३ सप्टेंबर, रात्री ८.१०

ठिबकवाले भाऊ, तुमचंही खरं हाय. तुमच्याकडं पंधरा हात हायत, म्हणून एकर. मी तेच सांगून राह्यलो. ह्या पोराकडं सहा हायत.

पहाटची_गाडी | १४ सप्टेंबर, पहाटे ३.४०

मी कळमेश्वर-मोहपा भागातला भाजीपाला रोज नागपूरला नेतो. कॉटन मार्केट आणि कळमना, दोन्हीकडे. आता माल भरून होतोय, तेवढ्यात लिहितो.

भाव कशावर ठरतो ते ऐका. पोतं उघडलं की व्यापारी वरची शेंग घेत नाही, हात आत घालून मधली काढतो आणि मोडतो. कट्‌कन मोडली, दोरा आला नाही, की वरचा भाव. वाकली की खालचा. वरती कोवळी आणि आत जून भरणाऱ्या माणसाचा माल ओळखीचा होतो आणि मग त्याचं चांगलं पोतंही संशयानं पाहतात. त्यापेक्षा दोन वेगळी पोती करा, कोवळीचं वेगळं आणि भरलेल्याचं वेगळं. दोन्हीला गिऱ्हाईक आहे.

शेंगेवर पाणी मारू नका. वजन वाढतं म्हणून मारतात. पोत्यात गरम होते, दुपारपर्यंत काळे डाग येतात. ओली शेंग मी गाडीतच घेत नाही, बाजूच्या पोत्यालाही लागते. दव असताना तोडू नका, दव वाळलं की तोडा. संध्याकाळी गोणपाटावर सावलीत पसरा, रात्री भरा.

साडेचारच्या आत माल उतरला पाहिजे. सहाला पोचलेला माल आणि साडेचारला पोचलेला माल यात किलोमागे चार-पाच रुपये मी स्वतः पाहिले आहेत.

आणखी एक. भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, तेव्हापासून शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या बिलातून) अडत (अडत्याचं कमिशन) कापायची नाही. तरी एका अडत्यानं माझ्यासमोर एका म्हाताऱ्याच्या पट्टीतून ‘खर्च’ म्हणून कापली. विचारलं तेव्हा परत केली. पट्टी हातात आली की तिथंच वाचा, घरी जाऊन नाही.

सूपभर_दाणे | १४ सप्टेंबर, दुपारी ३.०५

मी मौद्याकडची, धानाच्या पट्ट्यातली. दादा, तुम्ही सगळे वावराचं बोलता, धुऱ्याचं (बांधाचं) कोणीच बोललं नाही. आमच्याकडे बांधीच्या (धानाच्या शेताच्या) धुऱ्यावर तूर आणि पोपट असतोच. जमीन वेगळी लागत नाही.

पोपटाच्या शेंगा बाजारात विकल्या तर काही विशेष नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सोललेल्या हिरव्या दाण्याला नागपूरकर जीव टाकतो. वांग्यात घालायला, भातात घालायला, नुसती रस्स्याची भाजी करायला. सोलायला वेळ कोणाला आहे शहरात? मी आणि माझी जाऊ दुपारी टीव्हीसमोर बसून सोलतो, अर्ध्या किलोची पुडी करतो. माझा भाऊ मनीषनगरकडे राहतो, त्याच्या इमारतीत आणि शेजारच्या दोन इमारतींत देतो. दुकान नाही, पाटी नाही.

सोलून झाल्यावर सालपटं शेळ्यांना. वेल वाळला की कुटार (सुका चारा). आमच्याकडे काही वाया जात नाही.

अडीच_एकर | १४ सप्टेंबर, रात्री ९.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “धुऱ्यावर वाल हाये ना आपला, पाह्यला नाहीस काय?” तिनं मृगात विहिरीपासून वरच्या धुऱ्यापर्यंत वालाचं बी टोचलं होतं, दरवर्षी टोचते. मी तीन महिने त्याच धुऱ्यावरून जातो आहे आणि मला तो घरच्या भाजीचा वेल वाटत होता.

ठरवलं ते असं. दीड एकर नाही. दहा गुंठे घेवडा ऑक्टोबरच्या मध्यात, दहा गुंठे तीन आठवड्यांनी. बाकीत हरभरा. फेब्रुवारीत पाणी पाहून बरबटी. रानडुकरांचं आणि रोह्यांचं (नीलगायींचं) काय करता? आमच्याकडे रोही कळपानं येतात.

जुनाट_तिफन | १४ सप्टेंबर, रात्री ९.४५

रोह्याले घेवडा आवडते, कवळा पाला त त्याले मिठाईच. दहा गुंठ्याचा फायदा हाच, की चारी बाजूनं जुन्या साड्या बांधता येते अन् रात्री एक माणूस राखू शकते. एकराले साड्या कुठून आणशीन?

कोरेगावची_माती | १६ सप्टेंबर, सकाळी १०.३०

साताऱ्याहून लिहितो. तोडणीची एवढी अडचण असेल तर हिरव्या शेंगेऐवजी वाळलेल्या दाण्याचा विचार का करत नाही? आमच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. आम्ही तो खरिपात घेतो, पण राजमा म्हणून रब्बीत तुमच्याकडेही येईल. राहुरी विद्यापीठाची ‘वरुण’ जात सत्तर दिवसांत निघते. एकदाच उपटायचा, सकाळच्या गारव्यात, म्हणजे शेंगा फुटत नाहीत. मळला की पोत्यात. भाव पडला तर महिनाभर थांबता येतं, हिरव्या शेंगेला थांबता येत नाही.

निंबोळी_अर्क | १६ सप्टेंबर, सकाळी ११.१०

मुद्दा बरोबर आहे. मी दोन तास (ओळी) वरुण लावून पाहणार आहे. पण अडीच_एकर दादांना रोजचे चार पैसे हवेत असं त्यांच्या लिहिण्यावरून वाटतं.

दादा, पेरणीबद्दल एक राहिलं. तुमची काळी जमीन आहे. घेवडा आणि बरबटी उगवताना आपल्या दोन्ही डाळी (बीजदलं) मान वाकवून जमिनीच्या वर उचलून आणतात. हरभरा, वाटाणा तसं करत नाहीत, त्यांच्या डाळी खालीच राहतात. म्हणून वर पापुद्रा धरला तर घेवड्याची मान मोडते. आधी ओलवा, वाफसा (पेरणीजोगी ओल) येऊ द्या, मग बोटभर खोल पेरा. पेरल्यावर पाणी सोडू नका.

अडीच_एकर | १ नोव्हेंबर, रात्री १०.०५

वाईट बातमी आहे. निंबोळी_अर्क ताईंनी स्पष्ट लिहिलं होतं आणि तरी माझ्या हातून चूक झाली. १७ ऑक्टोबरला पेरलं. ओलवून घेतलं होतं, पण वाफसा येईपर्यंत वरचा थर वाळला असं मला वाटलं. रात्री लाईन आली म्हणून तास दीड तास पाणी सोडलं. दोन दिवस कडक ऊन पडलं, वर पापडी धरली. आठव्या दिवशी पापडी उचलून पाहिली तर खाली पिवळ्या माना मोडून पडलेल्या. शंभरातले साठच उगवले असतील. बायकोनं आणि मी हातानं पापडी फोडत एक पूर्ण दिवस घालवला, त्यानं काही वाचले.

बियाणं दोनशे साठ रुपये किलोचं होतं. दुसरा प्लॉट ८ तारखेला पेरणार आहे. यावेळी काहीही झालं तरी पेरल्यावर मोटार सुरू करणार नाही.

जुनाट_तिफन | १ नोव्हेंबर, रात्री १०.३०

खिन्न होऊ नको. जिथं विरळ झालं तिथं आता टोचू नको, लहान-मोठं झाड एकत्र आलं की तोडा बिघडते. राह्यलेलं झाड जागा भेटली म्हणून फुटवे जास्त काढीन. दुसऱ्या प्लॉटवर पेरल्यावर थोडं गोबरखत पसर तासावर, पापडी धरत नाही.

अडीच_एकर | २१ डिसेंबर, रात्री ९.१५

पहिल्या प्लॉटचे चार तोडे झाले. पहाटची_गाडी भाऊंच्याच गाडीनं माल जातो. भाव अठरा ते चोवीस. दुसरा प्लॉट पाहून मन भरून येतं, एकसारखा उगवला आहे.

पण शेंगेवर बारीक भोक दिसू लागलं आहे, फुलं एकमेकांना चिकटल्यासारखी होतात आणि आत अळी सापडते. दुकानदारानं एक औषध दिलं आणि म्हणाला, आज मारा, परवा तोडा, काही होत नाही. बाटलीवर पिवळा त्रिकोण आहे. मारू का?

निंबोळी_अर्क | २१ डिसेंबर, रात्री ९.३०

मारू नका. कृपा करून मारू नका.

लाल, पिवळा, निळा, हिरवा असा त्या त्रिकोणांचा क्रम आहे, लाल सगळ्यात विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल. लेबल पूर्ण वाचा. त्यावर कोणत्या पिकासाठी शिफारस आहे आणि फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही, हे लिहिलेलं असतं. दिवसाआड तोडल्या जाणाऱ्या भाजीला जास्त दिवसांचं औषध बसूच शकत नाही. ती शेंग दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लेकराच्या डब्यात जाते. आणि मारणाराही माणूसच आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपल्या शेजारचंच आहे. मी तेव्हा शिकत होते, माझ्या वर्गातल्या एकाचे मामा त्यात गेले.

ही ठिपक्यांची शेंग पोखरणारी अळी आहे, फुलांचं जाळं करून आत बसते, त्यामुळे औषध तिच्यापर्यंत पोचतही नाही नीट. उद्या सकाळी तोडताना चिकटलेले फुलांचे झुबके आणि भोकाच्या शेंगा वेगळ्या टोपलीत घ्या, वावराबाहेर नेऊन पुरा. दहा गुंठ्यांत हे जमतं. पाच किलो निंबोळीचं चूर्ण फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पिळून गाळून शंभर लिटर करा, थोडा साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. पुन्हा आठ दिवसांनी. पक्ष्यांना बसायला काड्या रोवा.

ठिबकवाला | २२ डिसेंबर, सकाळी ८.००

ताईंचं बरोबर आहे. मी पहिल्या वर्षी दुकानदाराचं ऐकलं होतं. त्यानंतर माझ्याकडच्या एका तोडणाऱ्या बाईच्या हातांची आग झाली. तेव्हापासून तोडे सुरू झाले की मी असलं औषध वावरात आणत नाही.

अडीच_एकर | ८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

घेवडा संपला. हिशेब जसा आहे तसा देतो, पुढच्या माणसाच्या कामी येईल.

पहिला प्लॉट ३४० किलो, सरासरी २१ रुपये, ७,१४० रुपये. दुसरा प्लॉट ५२० किलो. त्यातला ४१० किलो बाजारात सरासरी २२ रुपयांनी, ९,०२० रुपये. उरलेला ११० किलो बायकोनं तिच्या बहिणीच्या ओळखीनं नागपुरात दोन इमारतींत थेट दिला, ५० रुपयांनी, ५,५०० रुपये. एकूण २१,६६० रुपये.

खर्च : बियाणं ३,६४०, खत व जिवाणू २,३००, निंबोळी वगैरे १,१५०, निंदण २,०००, तोडणीला बाहेरचे रोज ३,५००, गाडी-हमाली २,६००. एकूण १५,१९० रुपये.

हातात राहिले ६,४७० रुपये. वीस गुंठ्यांत, साडेतीन महिन्यांत, आमची तिघांची मजुरी न धरता. तोडणीचे बाहेरचे रोज लागले कारण जानेवारीत मुलगी आजारी होती आणि आम्ही दोघं आठ दिवस दवाखान्यात होतो. काकांनी म्हटलं होतं तसंच झालं, त्या आठ दिवसांत एक तोडा चुकला आणि पुढचा पूर्ण जून निघाला.

त्या थेट विकलेल्या ११० किलोकडे मी रात्री पुन्हा पुन्हा पाहतो. तोच माल बाजारात गेला असता तर २,४२० आले असते. म्हणजे हातात राहिलेल्या पैशातला जवळजवळ निम्मा त्या दोन इमारतींतून आला.

आता आईचा वाल. धुऱ्यावरचा. साठ किलो शेंगा ३५ रुपयांनी गेल्या, २,१०० रुपये. ऐंशी किलो सोलून २६ किलो दाणा झाला, तो १५० रुपये किलोनं गेला, ३,९०० रुपये. सहा हजार. खर्च बांबू आणि सुतळीचा, तीनशेच्या आसपास. सूपभर_दाणे ताई, तुमचा संदेश आईनं मला चार वेळा वाचायला लावला होता.

सूपभर_दाणे | ८ फेब्रुवारी, रात्री १०.१५

आईंना माझा नमस्कार सांगा. बी ठेवताना एवढं करा : शेवटच्या तोड्याच्या खुरट्या शेंगांचं बी ठेवू नका, मधल्या भरातल्या चांगल्या वेलावरच्या चार-पाच शेंगा मुद्दाम सोडून त्यांचं ठेवा. भुंगा नुसता घरातच लागत नाही, वावरातूनही अंडी घेऊन येतो, म्हणून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, मग राख चोळून मडक्यात.

मुलगी बरी आहे ना आता?

अडीच_एकर | ९ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

बरी आहे ताई. शाळेत जाते.

निंबोळी_अर्क | ९ फेब्रुवारी, सकाळी ९.००

दादा, ६,४७० हा आकडा लहान आहे, पण यात चुकलेली उगवण आणि चुकलेला तोडा दोन्ही आले आहेत. दुसरा प्लॉट एकटा पाहा, चित्र वेगळं दिसेल. आणि वाल, घेवडा, बरबटी या तिन्हींत परागीकरण बहुतेक स्वतःचं स्वतःच होतं. संकरित नसलेली जात असेल तर घरचं बी दोन-तीन वर्षं खुशाल वापरता येतं. पुढच्या वर्षी ते ३,६४० वाचवा.

बरबटी पेरल्यावर महिन्यानं एक झाड मुळासकट उकरून गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर मला कळवा.

माझे वरुणचे दोन तास थंडीत पिवळे पडले, जस्ताची कमतरता असावी. माती तपासायला दिली आहे.

अडीच_एकर | २९ मार्च, रात्री ९.०५

१२ फेब्रुवारीला पंधरा गुंठ्यांत काशी कांचन पेरली. वाफशावर. पेरल्यावर सहा दिवस मोटारीला हात लावला नाही. गाठी गुलाबी निघाल्या, मुलीनं स्वतः नखानं फोडून पाहिल्या आणि शाळेत नेल्या. विहीर अजून दिवसाआड सव्वा तास चालते, ठिबकच्या जुन्या नळ्या एका ओळखीच्यांनी निम्म्या किमतीत दिल्या. मावा थोडा आला होता, ढालकिडे आले आणि त्यांनीच आवरला.

बायकोनं चार इमारतींची यादी केली आहे, मंगळवार आणि शनिवार. त्या दोन दिवसांचा माल तिकडे, बाकीचा बाजारात. आईनं वालाच्या बियाचं मडकं फळीवर ठेवलं आहे. यंदा मृगात धुऱ्याच्या चारही बाजूंनी टोचायचा म्हणते.

उद्या दव वाळल्यावर पहिला तोडा, साठ-सत्तर किलो निघेल असं वाटतं. पहाटची_गाडी भाऊ, परवा पहाटे तीनला फाट्यावर उभा राहतो. जागा ठेवाल का?

पहाटची_गाडी | २९ मार्च, रात्री ९.२०

ठेवतो. पोतं कोरडं आण.